हलणारी फिगर घ्यावी की नुसती बघायची? आठ हजारात एकच येणार आहे

शहापूरचा_गडी

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसता वाचत बसायचो, आज पहिल्यांदा टाइप करालोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय असा की मी पतसंस्थेत कामाला, दिवाळीचा बोनस यायचाय आणि त्यातले आठ हजार बायकोनं स्वतःच्या तोंडानं सोडलेत, म्हणाली जा घे तुझं ते बाहुलं एकदाचं. आठ म्हणजे आठ. वर गेलो तर बाहुलं घरात आणि मी बेळगावच्या कपिलेश्वरच्या तळ्यावर झोपायला.

दोन गोष्टीत जीव अडकलाय. एक जपानी समुराई, सहा इंची, कोपर-गुडघे डबल जॉइंटचे, बदलायला तीन जोड हात, दोन चेहरे, तलवार म्यानातून खरीच बाहेर येते. दुसरा डिझायनर विनाइलचा, म्हणजे कलाकारानं घडवलेला प्लॅस्टिकचा ससा, फूटभर उंच, लांब कान, डोळे मिटलेले, नुसता उभा. त्याचं काही हलत नाही. खरं एकदा फोटो उघडला की मोबाइल खाली ठेववत नाही, काय आहे त्यात ते सांगता येईना.

अडचण अशी की मला पोज द्यायला आवडतंय, खरं दोन वर्षामागं एक स्वस्तातली फिगर घेतली होती, पहिल्याच दिवशी हात फिरवायला गेलो आणि मनगट टक्कन तुटून माझ्या हातात. तेव्हापासून हलणाऱ्या फिगरला हात लावताना कुणाचं तरी ताजं बाळ उचलल्यागत होतंय. मग वाटतं जे हलतच नाही ते तुटणार कसं. आणि परत वाटतं नुसतं उभंच ठेवायचं असेल तर बायकोच्या आत्यानं दिलेलं काचेचं हरीण आहे की घरात, ते काय कमी उभं आहे.

ज्यांच्याकडं दोन्ही आहेत त्यांनी सांगा, सहा महिन्यांनी काय होतं? घेतल्या घेतल्या सगळंच चांगलं वाटतंय.

टूलरूम_मामा

सहा महिन्यांनी काय होतं ते सोड, तीस वर्षांनी काय होतं ते सांगतो. माझ्याकडं नव्वदच्या दशकातले फनस्कूलचे जी. आय. जो अजून आहेत, सात उरलेत. फनस्कूलची फॅक्टरी गोव्यात आहे हे कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळं लहानपणी मला वाटायचं हे सैनिक चोर्ला घाट चढून बेळगावात येतात. असो. त्यांच्या पाठीत एकच स्क्रू. तो काढला की आत एक काळी रबरी ओ-रिंग, तिचं एक टोक स्क्रूच्या खांबाला, दुसरं पायांच्या मधल्या लोखंडी हुकाला. अख्खा माणूस त्या रिंगच्या ताणावर उभा. रबर वाळलं की एक दिवस उचलायला जातोस आणि कमरेतनं दोन तुकडे. माझे पाच असेच गेले होते. मग उद्यमबागला कामाला लागल्यावर एका दुपारी व्हर्नियर लावून माप काढलं आणि हायड्रॉलिकचं सामान मिळतं तिथनं तसल्याच रिंगा आणल्या, एक रिंग चहापेक्षा स्वस्त. दहा मिनिटात पाचही उभे. सांगायचं कारण हे की हलणाऱ्या वस्तूचा जो भाग झिजतो तो बहुतेक बदलता येतो, आणि हे मशीनवाल्याला सांगावं लागत नाही.

आता तुझं मनगट. ते हलत होतं म्हणून तुटलं नाही, हलत नव्हतं म्हणून तुटलं. नवीन फिगरमध्ये पुष्कळदा रंग जॉइंटात जाऊन बसलेला असतो, खुंटी आणि भोक एकमेकांना चिकटलेले. खुंटी किती जाड, दोन-तीन मिलिमीटर. तू पंजा धरून पीळ दिलास, पीळ सगळा त्या खुंटीच्या मानेवर आला. जॅम झालेला नट पान्हा लावून जोरात मारला की बोल्टचं डोकं हातात येतंय ना, तेच. पुढच्या वेळी फिगर आली की पहिलं काम, अंघोळीला कढत घेतोस तेवढ्या पाण्यात हातपाय दोन मिनिट बुडवायचे. उकळतं नको. पीव्हीसी मऊ पडतंय, मग जॉइंटच्या अगदी जवळ धरून आधी इकडं थोडं तिकडं थोडं असं सोडवायचं. हेअर ड्रायरनं पण होतंय.

आणि तुटलेला पंजा फेकला नसशील तर ठेव. फेव्हिक्विकवर जाऊ नकोस, चांगल्या फिगरमध्ये जॉइंट पीओएम नावाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतात, आमच्यात त्याला डेलरीन म्हणतात, त्याला कुठलाच गम धरत नाही. दोन्ही बाजूला एक मिलिमीटरचं ड्रिल हातानं मारायचं आणि मधे गिटारच्या तारेचा तुकडा घालायचा. मूळ खुंटीपेक्षा भक्कम होतंय.

अजून एक. तुझी बायको बाहुलं म्हणाली ते इतिहासाला धरून आहे. १९६४ ला हॅस्ब्रोनं पहिला जी. आय. जो काढला तो बारा इंची, २१ ठिकाणी हलणारा, आणि पोरगे बाहुली म्हणून हात लावणार नाहीत म्हणून त्यांनी ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं नाव दिलं. समुराई घे.

रेघोट्या

मामांचं सगळं बरोबर आहे पण मामांना वस्तू उघडायला आवडतात म्हणून ते समुराई सांगणार हे ठरलेलंच होतं.

मी लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करते, टिळकवाडीत. माझ्या टेबलावर सहा वर्षं एक विनाइल पीस आहे आणि एकही दिवस मला त्याला हलवावंसं वाटलेलं नाही. कारण हलवायचं काम करणाऱ्यानं आधीच करून ठेवलंय. मान किती झुकवायची, पोट किती पुढे, हात अंगाला चिकटवायचे की नाही, हे सगळं त्यानं ठरवलं आणि मग थांबला. पोज देता येणारी फिगर म्हणजे व्याकरण सगळं दिलंय, वाक्य तुम्ही करा. शांत ससा म्हणजे एकच वाक्य, पण ते कुणीतरी पन्नास वेळा खोडून लिहिलेलं. तुम्ही म्हणालात ना फोटो बघून मोबाइल खाली ठेववत नाही, ते हेच आहे. सावलीकडेनं बघा त्याच्याकडे, नुसती बाह्यरेषा. सहा इंची फिगरमध्ये कोपराला दोन सांधे, गुडघ्याला दोन, खांद्यात आत एक वेगळा, प्रत्येक सांध्यापाशी रेघ तुटते. जवळून बघितलं की खटकतं, मला तरी.

थोडं मागचं सांगते कारण लोकांना वाटतं हे सगळं लबुबूपासून (ते दात विचकणारं केसाळ बाहुलं) सुरू झालं. हाँगकाँगमध्ये मायकल लाऊनं १९९९ मध्ये स्वतःच्या फिगरचं प्रदर्शन केलं, तिथून ‘आर्टिस्टनं केलेलं खेळणं’ ही चाल धरली. जपानच्या मेडिकॉम कंपनीचं बेअरब्रिक, ते अस्वलाच्या आकाराचं बाहुलं, २००१ चं. आणि गंमत म्हणजे ज्याला आपण स्थिर म्हणतो ते बेअरब्रिक स्थिर नाहीच, नऊ भागांचं असतं, डोकं, कंबर, हात, पंजे, पाय सगळं फिरतं. लोक फिरवत नाहीत एवढंच. माझ्याकडे त्याचं ४०० टक्के आहे, म्हणजे २८ सेंटिमीटर (१०० टक्के म्हणजे ७ सेंटिमीटर, तो मूळ आकार, हजार टक्केवाला ७० सेंटिमीटर, तो घेतला तर त्याला रेशन कार्डात घालावं लागेल). मी त्याची मान एकदा अर्धा इंच डावीकडे वळवली, पाच वर्षांपूर्वी. बास.

हां पण एक कबूल करते. हलत नाही म्हणजे तुटत नाही हे विसरा. माझी एक पीव्हीसीची मुलगी होती, एका पायावर नाचणारी, घोटा काडीएवढा. एप्रिलमध्ये आठ दिवस गावाला गेलो, खिडक्या बंद, परत आले तर ती वीस अंश वाकून भिंतीचा आधार शोधत होती. गरम पाण्यात घोटा मऊ करून सरळ धरला आणि लगेच गार पाण्यात. जमलं, पण दरवर्षी थोडी वाकतेच. पॉलिरेझिनची वस्तू वाकत नाही, ती पडली की चिनी मातीच्या बरणीसारखी फुटते. तुमचा ससा विनाइलचा आहे, आतून पोकळ असणार, तो त्या मानानं सोशिक.

निपाणीकर_७७

भावा तू दोघांचं ऐकून अजून गोंधळणार. माझं सरळ सांगतो, पैसा बघ.

बाहेरनं मागवणार असशील तर आधी कस्टमचं बघ. खेळण्यावरची ड्युटी २०२० ला वीसची साठ टक्के केली आणि २०२३ ला सत्तर. आठ हजाराची वस्तू दारात येईपर्यंत आठाची राहत नाही आणि मग वहिनी कपिलेश्वरला नाही तर थेट राकसकोपच्या धरणावर सोडून येतील. भारतातल्याच दुकानदाराकडनं घे, बिल घे, बॉक्स फाडायच्या आधी व्हिडिओ कर.

व्हिडिओ का, तर माझं झालंय. एका ऑनलाइन विकणाऱ्याकडनं बहिणीच्या पोरीसाठी लबुबू मागवला. आला. पोरगी म्हणाली मामा हा हसताना वेगळाच दिसतोय. दात मोजले तर अकरा. खऱ्याला नऊ असतात. अकरा दाताचा राक्षस घेऊन मी निपाणीच्या स्टँडवर उभा, परत घ्यायला कोण तयार नाही, कारण उघडल्याचा पुरावा नाही. त्यात वास असला की डब्यात रॉकेल सांडलंय. पोरीनं तरी ठेवून घेतला, त्याचं नाव दंतमंजन.

आणि ब्लाइंड बॉक्सच्या (आत कुठला पीस आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही) नादाला तर लागूच नको. पुष्कळ सिरीजमध्ये सीक्रेट पीस १४४ ला एक असतो. बारा बॉक्सचं खोकं, म्हणजे बारा खोकी फोडली तर सरासरी एक. सोरट आहे ते, जत्रेत बसतंय तसलं, फक्त पॅकिंग भारी.

परत विकायचं असेल तर डिझायनर पीस, कमी निघतात म्हणून. वापरायचं असेल तर समुराई. मी स्वतः विकणारा माणूस आहे.

शहापूरचा_गडी

सगळ्यांचे आभार, रेघोट्या ताई तुम्ही रेषेचं म्हणाला ते वाचून परत सशाचा फोटो उघडून बसलो आणि बायकोनं डाळ करपली म्हणून ओरडलं, गॅसवर मला बसवलं होतं.

खरं मी मेन गोष्टच सांगितली नाही. आमचं घर वरच्या मजल्याला, आणि खाली घरमालकाचे चार माग आहेत. आमच्याकडं वडगाव-शहापुरात हे नवीन नाही, खरं बाहेरच्यांना सांगतो, धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडनं तिकडं आपटतो आणि चार माग एकदम चालू झाले की वर भांडी बोलायला लागतात. सवय झालीय, माग थांबले की उलट झोप लागत नाही. खरं शोकेसमधली जुनी फिगर सकाळी नऊला एका पायावर ठेवली तर दुपारी जेवायला येईपर्यंत तोंडावर. दोन पायावर ठेवली तर पडत नाही खरं सरकते, काचेपर्यंत जाऊन बाहेर बघत उभी राहते, बिचारीला घर सोडायचंय असं वाटतंय. आणि हात वर करून ठेवला की संध्याकाळपर्यंत हळूहळू खाली. माझा समुराई सकाळी तलवार उपसणार आणि संध्याकाळी केर काढणार.

दुसरं म्हणजे पुतण्या, वय सहा. त्याला काय देऊ नको म्हणावं तर तोंड एवढंसं करतो.

आता सांगा.

टूलरूम_मामा

हे आधी सांगायचं की रे. फाउंडेशन न बघता मशीन निवडालोय आपण.

आधी शोकेस. कुठल्या भिंतीला आहे? मागाच्या बरोबर वरच्या तुळईवर उभी असेल तर तिथं सशाला पण सुख नाही. ती कोपऱ्यात ने, जिथं दोन भिंती मिळतात, आणि चारी पायाखाली रबर. मशीनखाली घालतात ती पॅड मिळते, नाही तर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे चार तुकडे, भंगारवाल्याकडं पडलेले असतात. पाय थेट फरशीवर नको. एवढ्यानंच अर्धं काम होईल.

मग फिगर. पावलाखाली ब्लू टॅक, ती चिकट पुट्टी मिळते ती, हरभऱ्याच्या डाळीएवढा, काढताना पीळ देऊन काढायचा, ओढून नाही. पोज देताना नाक आणि बेंबी यांच्या सरळ खाली दोन पावलांच्या मधली जागा यायला पाहिजे. लोक पहिली चूक तिथंच करतात, पुढं झुकवतात आणि पाय मागं. आपण स्वतः तसं उभं राहून बघावं, आपल्याला तोल जाणवला की फिगरला पण जाणवतो. समुराई म्हटलास ना, मग गुडघे वाकवून रुंद बसव, ती बैठक थरथरीला सगळ्यात चांगली.

हात खाली येतोय तो जॉइंट ढिला म्हणून. गोळा असलेला जॉइंट असेल तर काढ, गोळ्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा पातळ हात दे, रात्रभर वाळू दे, मग बसव. पूर्ण वाळल्याशिवाय बसवलास तर परत मनगटाची गोष्ट. नेलपॉलिश विचारून घे.

पुतण्याला नको देऊ. बऱ्याच जपानी फिगरच्या बॉक्सवर १५ वर्षांवरचं लिहिलेलं असतंय ते उगाच नाही, ते सुटे पंजे शेंगदाण्याएवढे.

मलप्रभाकाठ

मी निवृत्त चित्रकला शिक्षक, खानापूर. हा धागा माझ्या मुलानं दाखवला. या वस्तू माझ्या वयाच्या माणसाच्या नाहीत, पण तुमच्या बोलण्यातला प्रश्न मला ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

आपल्याकडं दोन्ही जाती आहेत की. गोकाकची लाकडी खेळणी घ्या, रंगवलेली फळं, भाज्या, माणसं. आमच्या घरी एक गोकाकचा आंबा होता, पाहुण्यांपैकी दोघांनी तरी तो चावायचा प्रयत्न केलेला आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतलं काम घ्या. ही सगळी बघायची. आणि हलणारी म्हणाल तर कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या नाचवतात. मी एकदा मुलांना घेऊन गेलो होतो. खेळ झाल्यावर त्यांनी बाहुली खुंटीला टांगली. टांगलेली बाहुली मी जवळून बघितली, हात लोंबत होते, मान कलती, चेहरा अगदी साधा रंगवलेला, जवळजवळ कोराच. मला वाटलं काम कच्चं आहे. मग लक्षात आलं की खेळात तीच बाहुली रागावली होती आणि रडलीही होती. चेहऱ्यावर राग कोरला असता तर तिला रडता आलं नसतं.

तुमच्या समुराईला दोन चेहरे दिलेत म्हणता. मला विचाराल तर एकच, कोरा, पुरला असता. पण सशाचे डोळे मिटलेले आहेत हे वाचून मला तो करणारा शहाणा वाटला.

आता मावळ्यांचं. शाळेत असताना मी दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलांकडून मावळे करून घ्यायचो, इथली लाल माती, हवी तेवढी. साच्यातला मावळा सगळा एकाच बैठकीचा, भाला उजव्या हातात, नजर समोर. हातानं केलेला प्रत्येक वेगळा, एक मावळा तर कायम शिंकायच्या बेतात असल्यासारखा दिसे. किल्ल्यावर मुलं मात्र साच्यातलेच पुढं लावायची, कारण ते रांगेत शोभतात, आणि शिंकणारा मावळा चोरवाटेवर. तीस वर्षांत एकाही मुलानं मावळ्याचा हात हलत नाही अशी तक्रार केली नाही. ते मावळाच उचलून दुसरीकडं ठेवत. आजचा मावळा बुरुजावर, उद्याचा विहिरीपाशी.

तुम्ही सशाला रोज जागा बदलून ठेवणार का, एवढं फक्त स्वतःला विचारा.

रेघोट्या

सर, शिंकणारा मावळा कुठे आहे आता? मी विकत घेते.

मलप्रभाकाठ

पावसाळ्यात विरघळला. भाजायची सोय तेव्हा नव्हती.

निपाणीकर_७७

लिमिटेड एडिशन

शहापूरचा_गडी

सर तुमचं वाचून एक केलं. जुनी तुटकी फिगर (मनगटवाली) आणि काचेचं हरीण दोन्ही टीव्हीशेजारी ठेवलं आणि आठ दिवस ठरवलं की काही ठरवायचं नाही, हात जाईल तिकडं जाऊ दे. बायकोला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, तू फोनवर बोलताना त्या बाहुल्याचा गुडघा मोडत असतोस, माहिती आहे का तुला? मला माहिती नव्हतं. आठ दिवसात हरणाला एकदा हात लावला, धूळ पुसायला.

खरं एक गोष्ट मधेच झाली ती पण सांगतो. सशाचा फोटो मी मोबाइलच्या वॉलपेपरला लावलाय आणि आता तो घ्यावासा वाटेना. म्हणजे आवडेना असं नाही, अजून बघतोच. खरं तो माझ्याकडं आलाच आहे असं काहीतरी झालंय. रेघोट्या ताई रागवू नका.

रेघोट्या

रागवत नाही पण फोटोत त्याची पाठ दिसत नाही. विनाइलच्या पाठीवर संध्याकाळचा तिरपा उजेड पडतो ते वॉलपेपरला नाही येत. असू दे, पुढच्या बोनसला. एक सांगून ठेवते, जो घ्याल तो पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, पांढरा असेल तर दोन वर्षांत पिवळा पडतो. आणि कायम प्लॅस्टिकच्या बंद खोक्यातही नको, पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतं, त्याला जायला वाट नसली की अंगावर चिकट थर बसतो. झालंच तसं तर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, घासणी नको. आपल्याकडं पावसाळ्यात खोक्याच्या पुठ्ठ्याला बुरशी येते ती वेगळीच, औषधाच्या बाटल्यांतल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, खोक्यात टाका.

निपाणीकर_७७

घेतलास का नाही ते सांग की भावा. बोनस झाला असंल आता.

शहापूरचा_गडी

घेतला. समुराई. भारतातलाच दुकानदार, बिलासकट, सात हजार सहाशे. बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ बायकोनं केला, त्यात मागनं तिचाच आवाज आहे, “एवढासाच?” सहा इंच म्हणजे केवढं ते मी तिला आधी सांगितलं नव्हतं. सहा फुटाचा माणूस बाराव्या हिश्श्यात, असं समजावलं, ती म्हणाली मग पैसे पण बाराव्या हिश्श्यात द्यायचे.

मामा तुमचं सगळं केलं. कढत पाण्यात बुडवला, डावा खांदा खरंच जॅम होता, दोन मिनिटानं हळूच सुटला, तो सुटताना जो बारीक आवाज आला त्यानं माझा जीव गेलेला. शोकेस कोपऱ्यात नेली, खाली बेल्टचे तुकडे. चार दिवस झाले, गुडघे वाकवून बसवलाय, माग चालू असताना पण जागचा हलला नाही. तलवार तेवढी दुपारपर्यंत दोन अंगुळं खाली येते, नेलपॉलिशचं बघतो, घरात आहे ती सगळी लाल.

पुढची गोष्ट पुतण्याची. गल्लीत किल्ला झालाय, यंदा मोठा केलाय पोरांनी, गोणपाटावर माती, आळीवाच्या बिया टाकून हिरवळ आणि सलाईनच्या नळीचं कारंजं. हा आला आणि म्हणाला काका तुझा माणूस दे पहाऱ्याला. मी नाही म्हटलं, त्यानं तोंड एवढंसं केलं, मी स्वतः घेऊन गेलो, हातात देणार नाही या अटीवर. महाराज वर सिंहासनावर, मावळे रांगेत, आणि खालच्या दरवाज्यात एका बाजूला जपानी गडी गुडघ्यावर बसलेला. एक आजोबा येऊन पाच मिनिट बघत उभे राहिले आणि म्हणाले हा कुठल्या वतनातला? पोरं म्हणाली चाकरीला आलाय लांबनं. दिवाळीला माग बंद, त्यामुळं तीन दिवस कोण पडलं पण नाही. रात्री मी झाकायला म्हणून जातो आणि त्याचा हात बदलून येतो, सकाळी पोरं बघतात की हा हललाय. त्यांना अजून कळलं नाही कोण करतंय ते.

आता प्रश्न. पुतण्या म्हणतोय की महाराजांच्या दारात तलवार नको, भाला पाहिजे. मावळ्याचा भाला काढून दिला त्यानं, खरं याच्या पंज्याचं भोक मोठं, भाला बारीक काडीचा, धरवेना, सटकतोय. ब्लू टॅक लावला तर दिसतोय. मामा, काय करू?

टूलरूम_मामा

सायकलच्या दुकानात जा, व्हॉल्व्ह ट्यूब माग, पूर्वी वालट्यूब म्हणायचे. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा कापून भाल्यावर चढव आणि मग पंज्यात घाल. पंजा आधी गरम पाण्यात बुडव.